पन्नासवर आणखी वीस

प्रिय ठकू,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसलो की गॅस बंद आहे ना, हे पाहायला उठायचो आणि मग राहूनच जायचं.

गेल्या खेपेला तू पंख्याची पावती पाहिलीस. सवलतीत घेतला म्हणून मी मिरवत होतो आणि दुकानदारानं सवलतीचे पैसे कापलेच नव्हते. तू म्हणालीस, "बाबा, एकट्यानं राहणं आता पुरे. माझ्याकडे या." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

पंधरा दिवसांपूर्वी कोट घ्यायला गेलो. किंमत दोन हजार. पाटीवर पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के. मी सत्तर धरले आणि सहाशे काढून ठेवले. गल्ल्यावरची मुलगी आठशे मागायला लागली. मी अडून बसलो. रांग खोळंबली, मागून कुणीतरी म्हणालं, आजोबांना जरा बाजूला घ्या. कानशिलं तापली. वाटलं, ठकूचंच खरं.

कडेच्या स्टुलावर टेकलो. शाळा चौथीत सुटली, पण शिवणकामात जन्म गेला. पहिल्या धुण्यात कापड आटतं. दुसऱ्या धुण्यात आटतं ते उरलेल्यातलं, मूळ कापडातलं नव्हे. म्हणजे दोन हजाराचे आधी झाले हजार, आणि वीस टक्के कापायचे ते या हजारातून. दोनशे गेले, आठशे उरले. पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. धास्तीपायी मी आतल्या खिशात जास्तीचे ठेवतोच, ते काढले आणि म्हणालो, "पोरी, तुझंच बरोबर." ती हसली. म्हणाली, "आजोबा, पहिल्या दिवशी मीही सत्तरच म्हणाले होते."

आता दुकानात शिरलो की आधी किमतीचा दहावा हिस्सा काढतो, सूट तीस टक्के असेल तर त्याची तिप्पट. शेजारचा न्हावी चिडवतो, म्हणतो, म्हातारा आता दाढीलाही सूट मागणार.

तर ठकू, मी येत नाही. माझ्यासाठी खोली रिकामी केलीस आणि नात बाहेरच्या खोलीत झोपते, असं जावईबापू बोलून गेले. तिचं अंथरूण परत आत ने. तू मायेनंच बोलावलंस, ते कळतं मला. मी पुढेही चुकेन, पण चूक निस्तरायला अजून जमतं. राग आला तर रागाचंच लिही, पण लवकर लिही. तू गप्प राहिलीस तर माझ्या जिवाला घोर लागेल.

तुझाच,
बाबा