पिंजरा फिरवला तरी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. लेकीकडे मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

लेकीने प्रयोगशाळेतला एक गाणारा पक्षी घरी आणलाय. अंड्यातून तिनेच वाढवला, आईबाप त्याने पाहिलेले नाहीत. तरी स्थलांतराचे दिवस लागल्यापासून तो पिंजऱ्याच्या एकाच, दक्षिणेकडच्या बाजूवर डोकं आपटतो. काल चोच फुटली, जाळी रक्ताने माखली. मी विरलेली चादर फाडून तिथे लावली आणि देवाचं नाव घेऊन पिंजराही फिरवला. चादर राहिली भलत्या बाजूला. तो वळून पुन्हा दक्षिणेलाच धडकला आणि पंख मोडून घेतला.

"आई, दिशा त्याच्या रक्तातच आहे," लेक म्हणाली.

मला तुझा मुलगा आठवला. त्याने सुनेचा हात मोडला, तेव्हा तू विचारलं होतंस: मला मारणारा बाप त्याला आठवतही नाही, मग हे आलं कुठून?

लेक म्हणाली, "याचा बाप नैर्ऋत्येला जाणारा, आई आग्नेयेला. हा मधूनच, दक्षिणेला जातो."

म्हणजे तुझ्या मुलात अर्धी तू आहेस. त्याला बसवून हे सांग.

पण तोवर सुनेला माझ्या घरी पाठव. किल्ली शेजारणीकडे आहे, आणि आतली कडी मजबूत आहे.

तुझी,
थोरली