सुनीच्या पोटावरचा व्रण

दिघी, रविवार संध्याकाळ

जपानहून आले तरी तो व्रण डोळ्यांपुढून हलत नाही. सुनीनं, माझ्या लेकीनं, हौसेनं मला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. सगळ्या बायका एकत्र आंघोळ करतात, अंगावर चिंधी ठेवू देत नाहीत. मी लाजेनं मेले. आणि तेवढ्यात तिच्या पोटावर तो दिसला. चांगला वीतभर.

"हे काय गं?"

"गाठ काढली, गेल्या वर्षी. आता बरी आहे मी."

गेल्या वर्षी! म्हणजे तिची सासू तिकडं 'फिरायला' गेली होती तेव्हा. मी येडी, विहीणबाईंबरोबर लाडू धाडले. रोज फोन करायचे, तर म्हणे सर्दी झालीय.

"मी काय मेले होते?"

"आई, हळू बोल. तू नुसता आरडाओरडा केला असतास. मला शांत माणूस हवं होतं."

मी शांत नाही? वीतभर व्रण, पोटच्या पोरीचा, आणि मला परक्या बायकांत कळावा?

आज विहीणबाई चऱ्होलीहून आल्या. भांडायचंच ठरवलं होतं. "तिनं शपथ घातली होती हो," म्हणाल्या. ऑपरेशनला आत नेताना सुनीनं एकदा तरी मला 'आई' म्हणून हाक मारली का, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. नाही म्हणाल्या असत्या तर?