उत्तर गुप्त राहील

दि. ९ मार्च

प्रिय बंडोपंत,

तुम्ही सगळे मजेत असाल. इथेही ठीक. गुडघा कुरकुरतोय, ऑफिसात निवडणुकीच्या जनमत चाचणीची गडबड आहे आणि टीव्हीवाले ‘कुणाची हवा?’ विचारून डोकं खातायत.

आईच्या घराच्या विक्रीच्या कागदांवर मी सही करणार नाही. आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

फोनवर तू ऐटीत म्हणालास, “ताई, तुझ्याच पद्धतीनं आईचं मत घेतलंय. ती हो म्हणाली.” माझी पद्धत? समोर दलाल बसवायचा, आधी “रात्री पडलीस तर कोण बघणार?” विचारून म्हातारीला घाबरवायचं आणि मग हळूच “विकूया ना?” लोकांची मतं गोळा करण्यात माझी हयात गेली. असले प्रश्न एका मंत्र्यालाही हवे होते. मी त्याचं काम सोडलं, पण प्रश्न वाकडा केला नाही.

म्हणून मी स्वतः गेले. दोघीच होतो.

“आई, तुला कुठे राहायचंय?”

“तू म्हणशील तिथे.”

“माझ्याकडे येशील?”

“येईन की.”

खरं सांगते, मी हरखले. मागची खोली रिकामी केली, तिच्यासाठी पलंगसुद्धा आणला. तुला कळवलं नाही, कारण तुझी जिरवायची होती.

पण ते ‘येईन की’ डोक्यातून जाईना. असली उत्तरं मी आयुष्यभर ऐकलीत. दारातला माणूस लवकर जावा असं वाटलं की लोक असंच बोलतात.

मग मी करू नये ते केलं. ऑफिसातली एक नवी मुलगी वृद्धांच्या पाहणीचं निमित्त करून आईकडे पाठवली. आम्ही शिकवतो तसं तिनं आधी सांगितलं, “आजी, तुमचं उत्तर कुणालाही कळणार नाही.” आई तिच्याशी दुपारभर बोलली. संध्याकाळी ते सगळं मी त्या मुलीकडून काढून घेतलं. बिचारी मला नाही कशी म्हणणार?

आईला घर सोडायचं नाही. तुझ्याकडे यायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच. “मुलगी आली की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं,” म्हणाली. मग मुलांना हो का म्हणता, असं पोरीनं विचारलं.

“नाही म्हटलं तर दोघंही यायची बंद होतील.”

बंड्या, मला रडू आलं आणि आईचा रागही आला. परक्या पोरीजवळ मन मोकळं केलं आणि माझ्याशी गोड बोलून मला वाटेला लावलं. इतकी का मी वाईट आहे? हे तिला विचारायचीही सोय नाही. विचारलं तर ती नाहीच म्हणेल.

यातलं अक्षरही तिच्याजवळ काढू नकोस. गिऱ्हाईक पळालं म्हणून सांग. रविवारी तू ये, मीही येते. नुसतं बसायचं, काही विचारायचं नाही.

तुझी, आणि आईला जिचा धाक वाटतो ती,
ताई