उजव्या हातावरचा कोयता

बा, मी तुझ्या उजव्या हातावर कोयता मारला आणि तू महाडच्या दवाखान्यात सांगितलंस, झाडावर चढून भाताच्या राबाला जाळायला फांद्या तोडताना लागला. उजव्या हातात कोयता धरणाऱ्या माणसाच्या उजव्याच हातावर कोयता बसेल कसा, हे तिथे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टरने टाके घातले, आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलास. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या कॅलेंडरचा राग अजून गेलेला नाही. आज तो पुन्हा भडकलाय म्हणून लिहायला बसलोय.

मुंबईत कुरिअरच्या गोदामात होतो, तेव्हा पाण्याच्या टाकीवर बसलेली माणसं माझ्याबद्दल बोलायला लागली. खाली उतरायची नाहीत, दिसायची नाहीत, नुसती बोलायची. काकाने जास्त विचार केला नाही, थेट पोलादपूरच्या एसटीत बसवलं. आपल्याकडची रीतच ती. गावात कुणी बिघडला की मुंबईला धाडायचा, मुंबईत बिघडला की गावाला. गावची हवा लागली आणि ती माणसं टाकीवरून उठून आपल्या माळ्यावर येऊन बसली. तू देवीला कौल लावलास. शिमग्याला पालखी दारात येईपर्यंत थांबा, असा कौल आला. थांबायला देवीचं काय जातं! तोवर भगताने निरगुडीच्या फोकांनी माझी पाठ सोलली, मिरच्यांची धुरी दिली, आणि माझे पाय धरायला तू बसलास. चांगले आवळून धरलेस. त्या दिवसापासून माळ्यावरचे सांगायला लागले, तुझ्या भातात विष आहे, बापच कालवतोय.

आणि मग ती सकाळ. तू पडवीत उकिडवा बसून पेज पितोयस, कोयता खांबाला टेकवलेला. मी तो उचलतो आणि तुझ्या मानेवर मारतो. आता खोटं कशाला बोलू, मानेवरच. तू हात वर घेतोस म्हणून मान वाचते. पातं हाडापर्यंत जातं, ओढताना अडकतं, पेजेची वाटी लाल होते. मी पुन्हा कोयता उगारतो. तू किंचाळत नाहीस. म्हणतोस, "खाली ठेव रे तो. पाय कापून घेशील." त्या वाक्याने मी थांबलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी थांबलो नाही. शेजारच्याने डोक्यात काठी घातली तेव्हा पडलो. पण तेवढं वाक्य मात्र माळ्यावरच्या सगळ्या कालव्यातून स्वच्छ ऐकू आलं.

त्या दिवशी तू खरं बोलला असतास तर त्या दवाखान्यात कुणी तरी विचारलं असतं, पोरगा कुठे आहे, आणा त्याला. पण तुला माझं लग्न करायचं होतं, भावकीत तोंड दाखवायचं होतं, पोलिसांची भीती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या मुठीत मी होतो, बा. गोठ्यात मेढीला, गुराच्या दाव्याने बांधलेला. पालखी दारात आली आणि गेली, भात लावून झालं, कापून झालं, माझ्या घोट्यांत किडे पडले. आवाज चढत गेले. पुढच्या शिमग्याला मामा आला, तुझ्याशी मारामारी करून त्याने दावं कापलं, म्हणून मी डॉक्टरपर्यंत पोचलो. पहिल्याच महिन्यात गोळ्यांनी माळा निम्मा रिकामा केला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आणला असता तर एवढं झिजलं नसतं. तू तेव्हाही भिंतीकडेच बघत होतास.

आता मी त्याच कामात आहे. पहिल्यांदाच असं झालेल्या माणसाकडे दोरीच्या आधी पोचायचं, एवढंच काम. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि यातून जाऊन आलेला म्हणून मी. दवाखान्याच्या मलमपट्टीच्या खोलीत मी सांगून ठेवलंय, कुणा बापाच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला, वार अडवताना लागतो तसा, कोयता लागलेला दिसला की मला हाक मारा. आज सकाळी हाक आली. शिवथरच्या बाजूचा म्हातारा, उजवा हात, बाहेरचं अंग. मी विचारलं, काय झालं? म्हातारा म्हणाला, "फांद्या तोडताना लागला, दुसरा काय नाय." आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी माझी पँट वर केली, घोट्यावरचे दाव्याचे वळ दाखवले. म्हटलं, "माझा बापही हेच बोलला होता. घरात कोण आहे?" तो पंख्यावरून खाली माझ्या घोट्याकडे बघायला लागला आणि मग सगळं बोलला. पोरगा तेवीसचा, पुण्याच्या कंपनीतून महिन्यापूर्वी परत आलेला.

आम्ही जीपने पोचलो तर अंगणात भावकी जमलेली, चुलत्याच्या हातात दोरी. पोरगा आत दार लावून. पहिला दगड खिडकीतून आला तो जीपच्या काचेवर, दुसरा माझ्या खांद्यावर. हात बधिर झाला. सिस्टर ओट्यावर पोराच्या आईजवळ बसली, मी खिडकीखाली. चुलता ओरडला, "दार फोडा! बांधल्याशिवाय नाय ऐकायचा तो!" दोघं पहारी घेऊन निघाले. तेव्हा म्हातारा पट्टी बांधलेला हात वर करून दारात आडवा झाला. "मला पोरानंच मारलान. फांद्या बिंद्या काय नाय. आजारी हाय तो, ऐकलात सगळ्यांनी? टाक ती दोरी." सगळ्या भावकीसमोर, बा! पहारी थांबल्या. मग मी खिडकीतून पोराला विचारलं, "ते काय बोलतात? माझे टाकीवर बसायचे." आतून काही तरी फुटल्याचा आवाज आला. मग, "तुमच्याशी पन बोलतात?" ऊन उतरेपर्यंत असंच चाललं. शेवटी दार उघडून तो बाहेर आला आणि आईचा हात धरून जीपमध्ये बसला. हातांना दोरी नव्हती.

वॉर्डाबाहेर म्हातारा माझ्याशेजारी बाकावर बसला होता. रक्त पट्टीतून वर आलं होतं. म्हणाला, "एक इचारू? तुमच्या बापानं तुमाला माफ केलान ना?" त्याबद्दल तू कधीच काही बोलला नाहीस, बा. मी बरा झालो, शेतात राबलो, पण तू जाईपर्यंत आपल्या घरातला कोयता मला दिसला नाही. तुला जाळून आल्यावर कणगीखाली सापडला, गोणपाटात गुंडाळलेला, धार लावलेला. कुणापासून लपवला होतास ते आईनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हा कागद कुठे टाकायचा तेही कळत नाही, घडी करून खिशात ठेवीन. म्हातारा वाट बघत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणालो, हो, केलं.