फायटरची शेपटी

देवास, मंगळवार संध्याकाळ

पक्षाघात झाल्यापासून माझे वडील, नाना, बोलत नाहीत. दिवसभर टाकीतल्या निळ्या फायटर माशाकडे बघत बसतात. त्याला सोबत म्हणून आज टायगर बार्ब जातीचे छोटे मासे आणले. दुकानदार म्हणाला, "भिया, सब साथ में रह लेते हैं." मी विश्वास ठेवला.

चहा करून येतो तर बार्ब फायटरची शेपटी कुरतडताहेत आणि नाना काचेवर हात आपटताहेत. चेहरा लालबुंद. पुन्हा झटका आला तर? मी बार्ब जाळीनं बादलीत काढले.

फायटर तळाशी पडलाय, शेपटीच्या चिंध्या. बायको म्हणते, "शेपटी परत येते हो." येईलही. पण सकाळपर्यंत तो जगेल ना? नानांनी माझं डावं मनगट घट्ट धरलंय. सोडत नाहीत. मीही सोडवून घेतलेलं नाही.