सोबत्याने विचारू नये ते

जयपूर, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५९

परवाच अरबी शिकवताना मौलवीसाहेब म्हणाले होते, जुन्या अरबांच्या मते सोबती ‘चल’ म्हणाला की निघावं, ‘कुठे?’ विचारतो तो सोबतीच नव्हे. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघसुद्धा मारली.

काल तेच दारात येऊन म्हणाले, “चलिए, देशपांडेजी.” आणि मी विचारलं, “कहाँ?” का विचारलं? विम्याच्या फायली पसरल्या होत्या म्हणून? त्यांनी नुसती मान हलवली आणि एकटेच गेले.

आज कळलं. बस्सीला गेले होते, सख्ख्या बहिणीच्या मातीला.

रेघ मारली होती गाढवाने!

संध्याकाळी त्यांच्या घरी धावलो. म्हटलं, “चलिए, मैं साथ चलता हूँ.”

त्यांनी वर पाहिलं. अगदी हळू विचारलं, “कहाँ?”