काळ्या तेलाच्या डब्याबाबत अश्वजीत मेश्रामचं मृत्युपत्र

मी अश्वजीत लहानू मेश्राम, वय अठ्ठावीस, शिक्षण आठवी नापास, राहणार जबलपूर, नोकरी परदेशी जहाजाच्या किचनमध्ये. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कोणाचा दबाव नाही. परवा समुद्रावर परत जातो, म्हणून लिहून ठेवतो.

एक. घरातला माझा अर्धा हिस्सा आई कुसुमबाईला. अट एकच. थोरला भाऊ पियूष ओमतीतल्या आपल्या समोशाच्या दुकानातलं तळून तळून काळं झालेलं तेल रोज डब्यात भरून घरी आणतो, आणि त्याच तेलात आईची भाजी होते. ते तेल घरच्या गॅसवर चढायचं नाही. मार्चमध्ये तिला हार्ट अटॅक आला, तरी तेच चालू आहे. "दादा, काहून आणतो हे?" म्हटलं, तर म्हणे, "अबे, नालीत फेकू का? तू तर विदेशी झाला!"

दोन. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी ऑलिव्ह तेलाचे तीन डबे आणले. दोन वहिनीनं बाळाच्या मालिशीत संपवले. तिसरा आईनं पाहुण्यांसाठी कपाटात ठेवला. तो आईचा. दाखवायचा नाही, खायचा.

तीन. जहाजावरचे प्रवासी मेडिटेरेनियन डाएट, म्हणजे तिकडच्या समुद्रकाठचं साधं जेवण, म्हणत पाच-पाच प्लेटी चापतात, वरून केक. बंदरावरच्या म्हाताऱ्या मात्र चणे, पालेभाजी, मासळीचा तुकडा खाऊन पायी टेकडी चढतात. आईचं जुनं जेवण असंच होतं: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पहिल्या पगाराच्या मस्तीत मीच तिला म्हटलं, "हे गरिबाचं खाणं सोड आता." त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त किळस येते. पाटा-वरवंटा शहपुऱ्याच्या माझ्या बहिणीला, मोनाताईला. तिनं आईला चटणी वाटून द्यावी.

चार. अट मोडली तर माझा हिस्सा मोनाताईचा, आणि आई तिच्याकडे राहील. ताई हो म्हणाली आहे.

पाच. माझ्यामागे जेवण घातलं तर वरण-भात, भाजी. समोसा नको.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू मेल्यावरच काहून रे? आजपासून नाही चालत का?"

म्हणून कलम एक आजपासून लागू.

सही: अश्वजीत लहानू मेश्राम
साक्षीदार: बेबीताई, शेजारीण (अंगठा), तनय, मित्र (सही)
पियूष: वाचलं. सही करत नाही. डबा दुकानातच ठेवतो.

जबलपूर, १२ नोव्हेंबर २०२४